जेसीएलच्या पार्ममधला कोट: कुठे दोन, कुठे चार

जेसीएल ही मेनफ्रेमला कोणता प्रोग्राम कसा चालवायचा ते सांगणारी भाषा. तिच्यातल्या सूचनेला कार्ड म्हणतात; एक्झेक कार्ड प्रोग्राम चालवतं आणि त्यावरचा पार्म प्रोग्रामला मजकूर पुरवतो. एक्झेक कार्डावर पार्म=नाशिक रोड असं कोटाशिवाय लिहून जॉब सबमिट केला, तर जेसीएल एरर येत नाही. जॉब व्यवस्थित चालतो, रिटर्न कोड शून्य (म्हणजे सगळं ठीक) येतो, आणि रिपोर्ट निघतो तो नाशिकचा, म्हणजे पिन कोड 422101 च्या ऐवजी 422001 चा. जेसीएलमध्ये पॅरामीटरच्या भागात रिकामी जागा आली की तिथे पॅरामीटर संपतात आणि पुढचं सगळं शेरा म्हणून सोडून दिलं जातं. 'रोड' हा शब्द सिस्टिमने वाचलाच नाही. एरर देऊन थांबणारा जॉब पाच मिनिटांत दुरुस्त होतो. असा गुपचूप चुकणारा जॉब मात्र महिनाअखेरीला सापडतो, म्हणून या लेखाचा भर अशाच चुकांवर आहे.

नाशिकमध्ये घरी बसून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या प्रॉडक्शनला सपोर्ट देणारे आणि नुकतंच मेनफ्रेम शिकू लागलेले, अशा दोघांनाही उपयोगी पडेल अशी मांडणी ठेवली आहे. उदाहरणांमधले कीवर्ड आणि नावं इथे देवनागरीत आहेत. स्क्रीनवर ती रोमन कॅपिटल अक्षरांतच टंकायची. स्लॅश, कोट, स्वल्पविराम, कंस, टिंब, ॲम्परसँड ही चिन्हं जशी दिसतात तशीच टंकायची. कॉलमचे आणि अक्षरांचे सगळे आकडे रोमन टंकनाप्रमाणे मोजलेले आहेत.

आधी शेवट लिहा

कोटाचा गोंधळ होतो कारण माणूस जेसीएलच्या बाजूने विचार करायला लागतो. उलट करा. प्रोग्रामच्या हातात नेमकं काय पडायला हवं ते कागदावर कोटाशिवाय लिहा. मग तिथपर्यंत पोचेतो ही स्ट्रिंग कोण कोण वाचणार आहे ते मोजा. वाचणारा प्रत्येक जण कोटाचा एक थर काढून घेतो. जितके वाचणारे, तितके थर आपण आधीच चढवून ठेवायचे. पुढचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

कॉलेज रोडजवळच्या डिसूझा कॉलनीचं उदाहरण घेऊ. रोमनमध्ये त्या नावात डी नंतर ॲपॉस्ट्रॉफी येते. प्रोग्रामला हवं आहे:

डी'सूझा कॉलनी

रोमनमध्ये ही 14 अक्षरं होतात: आधीच्या शब्दाची ॲपॉस्ट्रॉफीसकट 7, एक रिकामी जागा आणि पुढची 6. ही स्ट्रिंग थेट पार्ममध्ये लिहिली तर वाचणारा एकच, जेसीएल. म्हणून एक थर:

//स्टेप1 एक्झेक पीजीएम=आरपीटी01,पार्म='डी''सूझा कॉलनी'

बाहेरचे दोन कोट प्रोग्रामला मिळत नाहीत आणि लांबीतही धरले जात नाहीत. आतले दोन सलग कोट मिळून एक कोट होतो आणि तो एकच मोजला जातो. हे दोन सिंगल कोट आहेत, एक डबल कोट नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एबसिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात, सिंगल कोट म्हणजे हेक्स 7डी आणि डबल कोट म्हणजे हेक्स 7एफ. जेसीएलला डबल कोट हे एक साधं अक्षर वाटतं, त्याने स्ट्रिंग उघडत नाही की बंद होत नाही.

पाहायची सोय आधी करून ठेवा

अंदाज करत बसण्यापेक्षा स्ट्रिंग छापून दाखवणारा एक चिमुकला रेक्स (मेनफ्रेमवरच्या स्क्रिप्ट भाषेतला प्रोग्राम) लिहून ठेवा. कंपाइल करावा लागत नाही:

/* रेक्स */
से '<'आर्ग(1)'>'
से लेंग्थ(आर्ग(1))

हा मेंबर 'दाखवा' अशा एखाद्या नावाने लायब्ररीत ठेवा आणि आयआरएक्सजेसीएल या रेक्स चालवणाऱ्या प्रोग्राममधून चालवा. सिसएक्झेक डीडीवर (डीडी म्हणजे स्टेपला फाइल जोडणारं कार्ड) ती लायब्ररी द्या आणि सिसटीएसपीआरटी, म्हणजे छापलेलं आउटपुट, स्पूलला पाठवा:

//स्टेप1 एक्झेक पीजीएम=आयआरएक्सजेसीएल,
// पार्म='दाखवा डी''सूझा कॉलनी'

पार्ममधला पहिला शब्द म्हणजे रेक्सचं नाव, उरलेलं त्याचं आर्ग्युमेंट. कोनी कंस मुद्दाम घातले आहेत. शेवटी चिकटलेली रिकामी जागा त्यांच्याशिवाय दिसत नाही, आणि पुढे कन्टिन्युएशनमध्ये (मजकूर पुढच्या ओळीवर नेताना) तीच सगळ्यात जास्त त्रास देते.

कोबॉल प्रोग्रामकडे पार्म येतो तो दोन बाइटची बायनरी लांबी आणि तिच्यामागे मजकूर असा. लिंकेज सेक्शनमध्ये आधी एस9(4) कॉम्प आणि मग एक्स(100). पार्म न दिल्यास लांबी शून्य येते, तेव्हा मजकुराला हातच लावायचा नाही. लांबी असेल तर तेवढीच अक्षरं उचलायची. पूर्ण 100 अक्षरं मूव्ह केली तर मजकुराच्या पुढे मेमरीत जे काही पडलं असेल तेही रिपोर्टमध्ये उतरतं, आणि लोक दोष कोटाला देतात.

71 आणि 16

जेसीएल पंच कार्डाच्या काळातलं आहे. कार्ड 80 कॉलमचं असे आणि 73 ते 80 क्रमांकासाठी राखून ठेवलेले असत. आजही जेसीएलचा मजकूर 71 व्या कॉलमपर्यंतच वाचला जातो. साधे पॅरामीटर पुढच्या ओळीवर न्यायचे तर स्वल्पविरामावर तोडायचे, पुढच्या ओळीत दोन स्लॅश, तिसरा कॉलम रिकामा, आणि 4 ते 16 यांपैकी कुठल्याही कॉलमपासून सुरुवात. कोट उघडा असताना मात्र हे स्वातंत्र्य राहत नाही:

पहिली ओळ थेट 71 व्या कॉलमपर्यंत भरायची. दुसऱ्या ओळीत दोन स्लॅश, आणि मजकूर बरोब्बर 16 व्या कॉलमपासून. 17 व्या कॉलमपासून सुरू केला तर मध्ये एक रिकामी जागा घुसते. पहिली ओळ 68 ला थांबवली तर 69, 70, 71 या तीन रिकाम्या जागा स्ट्रिंगचाच भाग होतात. एररचं नावही निघत नाही. 'सिन्नर' ऐवजी 'सिन   नर' गेलं की प्रोग्रामला शाखा सापडत नाही, एवढंच.

आता हिशोब. //स्टेप1 एक्झेक पीजीएम=आरपीटी01,पार्म=' हे रोमनमध्ये 29 कॉलम खातं. मजकूर 30 व्या कॉलमला सुरू होतो आणि पहिल्या ओळीत 42 अक्षरं मावतात. पुढच्या प्रत्येक ओळीत 16 ते 71 म्हणजे 56. पार्मची कमाल लांबी 100, म्हणजे पूर्ण लांबीसाठी तीन ओळी लागतात आणि तिसरीवर फक्त 2 अक्षरं उरतात. त्यापेक्षा पीजीएम नंतरच्या स्वल्पविरामावर ओळ तोडा आणि पार्म स्वतंत्र ओळीत 4 थ्या कॉलमपासून लिहा. मजकूर 10 व्या कॉलमला सुरू होईल, त्या ओळीत 62 अक्षरं आणि पुढच्या ओळीत 38. बंद करणारा कोट 54 व्या कॉलमला येईल. दोन ओळींत काम होतं आणि पुढच्या माणसालाही मोजता येतं.

71 व्या कॉलममध्ये ॲपॉस्ट्रॉफी येऊ देऊ नका. तिथला कोट सिस्टिम स्ट्रिंग संपल्याची खूण समजते. डी''सूझा मधले दोन कोट 71 आणि पुढच्या ओळीचा 16 असे फुटले की काम बिघडलंच. यावर सोपा उपाय आहे: पार्म 4 ऐवजी 5 व्या कॉलमला सुरू करा. तोडण्याची जागा एका अक्षराने सरकते आणि दोन्ही कोट एकत्र खालच्या ओळीत जातात. एडिटरमध्ये कोल्स ही कमांड देऊन वर पट्टी आणल्याशिवाय हे काम करायला बसू नका. त्याच वेळी जुने क्रमांक अननम ने काढून टाका, त्यानेच नंबर ऑफही होतो.

कंस वापरून पार्म तोडता येतो, पण त्यात एक मेख आहे:

// पार्म=('422001',
// '422101')

प्रोग्रामला 422001,422101 मिळतं. कंस आणि कोट गळतात, स्वल्पविराम मात्र स्ट्रिंगमध्येच जातो आणि 100 मध्ये मोजला जातो. प्रोग्रामला स्वल्पविरामाने तोडलेली यादीच हवी असेल तर ही पद्धत उत्तम, कारण 16 व्या कॉलमची कटकट राहत नाही. सलग मजकूर हवा असेल तर चालणार नाही.

सिम्बॉल आला की थर वाढतो

प्रत्येक शाखेसाठी जेसीएल बदलायला नको म्हणून वर सेट कार्ड लावून सिम्बॉलला, म्हणजे ॲम्परसँड लावून वापरायच्या नावाला, किंमत देतात. इथे वाचणारे दोन होतात. सेट कार्ड वाचताना एक थर निघतो, मग ती किंमत पार्मच्या ओळीत बसते आणि ती ओळ पुन्हा वाचली जाते. म्हणून एका ॲपॉस्ट्रॉफीसाठी चार:

// सेट पत्ता='डी''''सूझा कॉलनी'
//स्टेप1 एक्झेक पीजीएम=आरपीटी01,पार्म='&पत्ता'

सेट नंतर सिम्बॉलची किंमत डी''सूझा कॉलनी. ती बसल्यावर ओळ होते पार्म='डी''सूझा कॉलनी', आणि प्रोग्रामला मिळतं डी'सूझा कॉलनी. सेटमध्ये दोनच कोट दिले असते तर ओळ झाली असती पार्म='डी'सूझा कॉलनी'. म्हणजे डी नंतर स्ट्रिंग बंद, पुढे कचरा, आणि जेसीएल एरर.

किंमत नेमकी काय बसली ते पाहायला एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट पाहायची सोय) जॉबच्या जेसजेसीएल या भागात जा. आयईएफसी653आय या मेसेजपुढे बदललेली ओळ छापलेली असते. सिम्बॉलच्या भानगडीत सगळ्यात आधी ही ओळ वाचायची, आपण लिहिलेलं जेसीएल नंतर. आयईएफसी657आय आला तर दिलेला सिम्बॉल कुठेच वापरला गेला नाही, बहुतेक वेळा नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं.

याच पुन्हा वाचण्याचा चांगला उपयोगही होतो. सेट क्यू='''' असं लिहिलं (सलग चार सिंगल कोट) तर क्यूची किंमत एक कोट होते. मग पार्म=&क्यू&पत्ता&क्यू असं कोट बाहेरून जोडता येतात. प्रॉकमध्ये (अनेक जॉब वापरतात अशा साठवलेल्या जेसीएलमध्ये) कधी कोटासह आणि कधी कोटाशिवाय किंमत हवी असते, तिथे ही युक्ती कामाला येते. नेहमीच्या जेसीएलमध्ये वापरू नका, सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला समजत नाही.

सिम्बॉलच्या नावानंतर लगेच अक्षर किंवा अंक येत असेल तर मध्ये टिंब लागतं. &वर्ष24 म्हणजे सिस्टिमला 'वर्ष24' नावाचा वेगळाच सिम्बॉल वाटतो, म्हणून &वर्ष.24. हे टिंब गळून पडतं. खरं टिंब हवं असेल, जसं डेटासेटच्या नावात, तर दोन द्यायची. आणि मजकुरातच ॲम्परसँड असेल तर तो दोनदा लिहायचा: 'आर&&डी'. एकदाच लिहिला आणि डी नावाचा सिम्बॉल कुठे तरी वर सेट केलेला असला, तर त्याची किंमत मजकुरात शिरते. डी सेट नसेल तोवर सगळं ठीक चालतं, आणि कुणीतरी वर्षभराने तो सेट केला की बिघडतं. म्हणून आज चालतंय म्हणून एकेरी ॲम्परसँड सोडू नका.

कोटांच्या आत सिम्बॉल सगळीकडे बदलला जात नाही, हेही ध्यानात असू द्या. पार्म, पाथ, एएमपी अशा मोजक्या कीवर्डना ती सवलत आहे.

स्लॅश, तारीख आणि कोबॉल

'15/08/2024' हे कोटात घातलं की जेसीएलच्या दृष्टीने काम संपलं. पण लँग्वेज एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोबॉल, सी वगैरेंच्या सामाईक रनटाइमखाली, चालणाऱ्या प्रोग्रामांमध्ये आणखी एक वाचणारा बसलेला असतो. त्याला स्लॅश म्हणजे प्रोग्रामचं आर्ग्युमेंट आणि रनटाइम ऑप्शन यांच्यामधली भिंत वाटते. कोबॉलच्या नेहमीच्या मांडणीत आधी आर्ग्युमेंट, मग स्लॅश, मग ऑप्शन. सी आणि पीएल/वन मध्ये उलट. त्यामुळे तारखेतला स्लॅश कुणाच्या वाट्याला जाईल हे भाषेवर आणि सेटिंगवर ठरतं. कोट कितीही वाढवले तरी हा स्लॅश लपत नाही. तारीख 20240815 अशी द्या. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे, आणि सॉर्टलाही तीच सोयीची पडते.

पार्मऐवजी डीडी

100 अक्षरं पुरत नसतील, किंवा कोटांनी डोकं उठलं असेल, तर पार्मडीडी वापरा. झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) 2.1 मध्ये, 2013 साली, ही सोय आली. मर्यादा 32,760 अक्षरांची:

//स्टेप1 एक्झेक पीजीएम=आरपीटी01,पार्मडीडी=लांबपार्म
//लांबपार्म डीडी *
डी'सूझा कॉलनी,422005
/*

कोट एकच. डेटाच्या ओळीला जेसीएल हात लावत नाही, म्हणून थरच नाही. पार्म आणि पार्मडीडी एकाच स्टेपवर चालत नाहीत. प्रोग्राममधलं एक्स(100) वाढवायला विसरू नका. प्रोग्राम ऑथराइज्ड (सिस्टिमचे खास अधिकार असलेला) असेल आणि पार्म 100 च्या वर जात असेल, तर तो लाँगपार्म ऑप्शनने लिंक केलेला असावा लागतो.

इनस्ट्रीम डेटामध्ये, म्हणजे जेसीएलमध्येच डीडी * खाली लिहिलेल्या ओळींत, सिम्बॉल आपोआप बदलत नाही. त्याच 2.1 पासून एक्स्पोर्ट कार्ड आणि डीडीवर सिम्बॉल्स असं मिळून ते जमतं. एक्स्पोर्ट हे सेटच्या आधी आलं पाहिजे, नाहीतर त्या सेटची किंमत आत पोचत नाही:

// एक्स्पोर्ट सिमलिस्ट=(दिनांक)
// सेट दिनांक='20240815'
//सिसिन डीडी *,सिम्बॉल्स=जेसीएलओन्ली
 इन्क्लुड कॉन्ड=(1,8,सीएच,ईक्यू,सी'&दिनांक')

इथले कोट सिसिनमधल्या सूचना वाचणाऱ्या सॉर्ट प्रोग्रामचे आहेत, जेसीएलचे नाहीत. सॉर्टच्या स्थिरांकातही आतली ॲपॉस्ट्रॉफी दोनदाच लिहावी लागते, पण तो थर सॉर्ट काढतो. डीएफसॉर्ट या आयबीएमच्या सॉर्टला दुसरा रस्ताही आहे: पार्म='जेपी1"&दिनांक"'. बाहेर जेसीएलचे सिंगल कोट, आत सॉर्टचे डबल. मग सिसिनमध्ये जेपी1 हे नाव सरळ वापरता येतं, आणि सिसिन वेगळ्या लायब्ररीत असलं तरी बिघडत नाही. लासलगावच्या बाजार समितीसारखी रोज नव्या तारखेची आवक गाळायची असेल तर हाच मार्ग सोपा.

टीएसओच्या (मेनफ्रेमवर कमांड देण्याची सोय) बॅचमध्ये, म्हणजे आयकेजेईएफटी01 च्या सिसटीएसइनमध्ये, कॉल कमांडच्या मागे दिलेला पार्म जेसीएल वाचत नाही, टीएसओ वाचतो. एक थर त्याचा. शिवाय तो लहान अक्षरं मोठी करून टाकतो, जशीच्या तशी हवी असतील तर शेवटी ॲजइज लिहावं लागतं.

एरर आलाच तर

बंद करणारा कोट विसरला की सिस्टिम 71 पर्यंत सगळं मजकुरात धरते आणि पुढची ओळ कन्टिन्युएशन असेल अशी वाट पाहते. ती ओळ एखादं डीडी कार्ड निघालं की आयईएफसी621आय, अपेक्षित कन्टिन्युएशन मिळालं नाही. मेसेज ज्या ओळीकडे बोट दाखवतो ती बहुधा निर्दोष असते. तिच्या वरच्या ओळीचे कोट मोजा, संख्या विषम निघेल. आयईएफसी642आय म्हणजे लांबी जास्त झाली. लिहिलेला मजकूर 100 च्या आत दिसत असूनही हा आला, तर सिम्बॉल बसल्यानंतरची ओळ मोजा, किंवा कन्टिन्युएशनमध्ये घुसलेल्या रिकाम्या जागा शोधा.

जॉब कार्डावर टाइपरन=स्कॅन लावून आधी सबमिट केलं तर असल्या चुका स्टेप चालण्याआधीच दिसतात. सुरुवातीलाच सांगितलेली नाशिक रोडची चूक मात्र स्कॅनला दिसणार नाही, कारण त्याच्या लेखी ते जेसीएल बिनचूक आहे. त्यासाठी 'दाखवा'च लागतो.

सगळे कोट मोजून बरोबर, कॉलम बरोबर, तरी एरर जात नसेल तर एडिटरमध्ये हेक्स ऑन करा. जेसीएल मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेलं असेल तर सरळ कोटाच्या जागी वाकडा छापील कोट आलेला असतो. योग्य कोटाखाली वर 7 आणि खाली डी दिसतो. 7 आणि 9 दिसलं तर तो उलटा कोट आहे, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातला. बाकी काहीही दिसलं तरी ते अक्षर खोडून हाताने नव्याने टंकायचं.

प्रॉक वापरत असाल तर एक शेवटची तपासणी. प्रॉकला हाक मारताना नुसतं पार्म= लिहिलं तर ते प्रॉकच्या पहिल्या स्टेपला लागतं आणि बाकीच्या स्टेपचे पार्म रद्द होतात. हव्या त्या स्टेपलाच द्यायचं तर पार्म.स्टेप2='...' असं नावासह लिहा. आणि तसं दिलेलं पार्म जुन्याला जोडलं जात नाही, त्याची पूर्ण जागा घेतं, म्हणून प्रॉकमधला मूळ मजकूर हवा असेल तर तोही, त्याच्या दोनदा लिहिलेल्या सिंगल कोटांसकट, पुन्हा लिहावा लागतो.